तुझ्या नावाची वही

३ ऑगस्ट

दादा,

तुझा पत्ता आईने दिलेला नाही, तिच्यावर रागावू नकोस. आपल्या मागच्या चाळीतल्या ट्रकवाल्याने तुला गोदामात पोती उतरवताना पाहिलं. त्याच्याकडून मी तो लिहून घेतला, आणि त्याचं अक्षर लागेना म्हणून दोनदा विचारला. रविवारी तू आईच्या फोनवर बोलतोस आणि मी उचलला की लगेच बंद करतोस. म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी फाडायच्या आधी माणूस एखादी ओळ वाचतोच, असा माझा अंदाज आहे.

आई बरी आहे. गुडघ्याचं रडगाणं तेच. तू चांगल्या जागी बढतीवर गेलास असं ती शेजारी सांगते. मी तिला खोडत नाही.

त्या दिवशी घरी मी तुला अर्धंच सांगितलं होतं. तू दारातच उभा राहिलास, हातात रिकामा डबा, आणि विचारलंस, "फलकावर माझ्या नावाने लावलेली ती वही कोणी लिहिली?" मी म्हटलं, आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी थोडी नीटनेटकी केली असेल. ते खोटं होतं. तुझी वही कोरी होती हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण तू पुढे काही विचारलं नाहीस. हातपाय धुतलेस, जेवलास, आणि भाजीत मीठ कमी आहे असं आईला म्हणालास. पंधरा दिवसांनी निघून गेलास. म्हणून आता पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते, कारण ते माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

इंग्रजीच्या वर्गाची कल्पना माझीच. कोणी सांगितलं नव्हतं. आपला कुलपांचा कारखाना नव्या मालकांनी घेतला आणि सगळी पत्रकं इंग्रजीत यायला लागली. मनुष्यबळ विभागात मला लागून चार महिने झाले होते, तेही तात्पुरती म्हणून. खिडकीतून मी रोज पाहायचे, फलकावर नवा कागद लागला की सुटलेली पाळी त्याच्यापुढे उभी राहायची, मान वर करून, देवळात उभं राहावं तशी. काय लिहिलंय असं कोणी कोणाला विचारायचं नाही. विचारलं की आपल्याला येत नाही हे उघडं पडतं. मला वाटलं, यांना शब्द कळले तर यांना कोणी फसवू शकणार नाही. दादा, मी खरंच असं मानत होते. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती माझ्या एकटीच्या पोटापाण्यासाठी आहे असं मला कधी वाटलं नाही.

मॅडमनी कॅन्टीनची जागा दिली, पाळी सुटल्यावर एक तास. मी कागद तयार केले. धंद्याबद्दल आणि नोकरभरतीबद्दल बोलताना इंग्रजीत ठरावीक शब्द ठरावीक शब्दांबरोबरच येतात, त्या जोड्या. 'रन अ बिझनेस'. 'टेक ऑन स्टाफ'. 'मीट अ टार्गेट'. 'फिल अ व्हेकन्सी'. 'हँड इन युअर नोटीस', म्हणजे राजीनामा देणे. मी सांगायचे, हे शब्द एकेकटे पाठ करू नका, जोडीने करा, सोबती चुकला की माणूस नवखा आहे हे समोरच्याला लगेच कळतं. तू शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसायचास. तुमच्या विभागातले अध्यक्ष पहिल्या बाकावर. ते कशाचे अध्यक्ष आहेत ते कोणालाच माहीत नाही, त्यांना निवडूनही कोणी दिलेलं नाही, पण कारखान्यात काही झालं की बोलायला तेच उठतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, इंग्रजीत धंदा पळवतात म्हणता, मग पळून पळून घाम आमच्याच अंगाला कसा येतो. सगळे हसले. तूही हसलास. मी पाहिलं होतं.

आज इतकंच. पुढचं लिहायला हात वळत नाही.

तुझी बहीण


१९ ऑगस्ट

दादा,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे.

तू गेल्यानंतरची पिना-विभागाची हालत सांगते. सहा स्टुलं होती, आता पाच आहेत. तुम्हाला काम शिकवलेल्या उस्तादांचं स्टूल भिंतीला टेकवून ठेवलंय आणि त्यावर कोणीतरी फडक्यांचा गठ्ठा ठेवलाय. तुझ्या जागी दुसऱ्या विभागातला एक जण बसवला आहे. त्याला चिमट्याने स्प्रिंग धरता येत नाही, ती उडून जाते, मग तो खाली वाकून शोधत बसतो. बाकीचे त्याच्याकडे पाहत नाहीत. पूर्वी तुम्ही लोक कुलपाच्या नळीत पिना भरताना किती बडबडायचात, मॅडमच्या खोलीपर्यंत आवाज यायचा. आता चिमट्यांचा आवाज ऐकू येतो. सगळ्या कारखान्यातून सात जणांना घरी बसवलं. तू धरून आठ, पण तू स्वतः गेलास.

गल्लीत आमच्याशी कोणी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांची बायको पिठाच्या गिरणीवर आईच्या पुढे होती, तिने आपला डबा उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. आईला वाटलं, तिला कोणाशी तरी बोलायचं असेल. मी काही सांगितलं नाही.

ते तुझ्याबद्दल काय बोलतात ते तुला माहीत आहे. म्हणतात, शाबासकीसाठी याने उस्तादांना विकलं. बहीण ऑफिसात, भाऊ सुपरवायझर, घरचीच कंपनी झाली. तुला बढतीचं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी उस्तादांना त्यांचं पत्र आलं, मग दुसरं काय वाटणार त्यांना? तू बढती नाकारलीस, राजीनामा दिलास, हे त्यांना कळलंय. तेही ते तुझ्याविरुद्धच धरतात. मन खात होतं म्हणून पळाला, असं.

तुझा राजीनामा माझ्या टेबलावरून गेला. इंग्रजीत दोन ओळी. एकही चूक नव्हती. म्हणजे वर्गात तू ऐकत होतास.

काल मी मॅडमकडे गेले. ठरवून गेले, आरशासमोर वाक्यं म्हणून. मी त्यांना सांगितलं की फलकावर लावलेली ती वही माझ्या भावाने लिहिलेली नाही, त्याची वही कोरी होती, मी ती घरी नेऊन माझ्या हाताने भरली, अक्षर मुद्दाम वाकडं काढून. म्हणून त्या वहीवरून कोणाबद्दल काही ठरवणं बरोबर नाही. मला वाटलं होतं, त्या चिडतील, मला काढतील, चौकशी लावतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मला बसायला सांगितलं.

"त्यात लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच सांग."

मी म्हटलं, खरं आहे.

"मग हस्ताक्षर कोणाचं याने काय फरक पडतो?"

दादा, त्या वाईट नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, तू मन लावून काम करतेस म्हणून तुला इतकं लागतं. मग म्हणाल्या, शेवटी वहीत लिहायला दिलेला तो 'माझं काम' नावाचा अभ्यास फारच चांगला होता, माणसं स्वतःच्या कामाबद्दल तपासनिसाला सांगत नाहीत ते वहीत लिहितात, दुसऱ्या कारखान्यातही वर्ग सुरू करायचा आहे, तू कागद तयार कर. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंडही उघडलं नाही. उठले आणि आले.

बहीण


६ सप्टेंबर

दादा,

गेल्या दोन पत्रांत मी एक गोष्ट सोडून दिली. आता ती सांगते.

मी वही का भरली? तुला वाटत असेल, तुझी गैरहजेरी लागू नये म्हणून. मीही स्वतःला तेच सांगत होते. पण मॅडमनी मला आधी सांगितलं होतं की वर्ग कसा झाला यावर माझं कायम होणं ठरेल, आणि शेवटच्या अभ्यासाची एकूणएक वही जमा झाली पाहिजे. बावीस होत्या. एकवीस भरल्या. बाविसावी माझ्या सख्ख्या भावाची, कोरी. तू म्हणाला होतास, "मास्तरीणबाई, मला कुलपं पुरेत, माझं नाव घालू नका तुमच्या प्रगतीपुस्तकात." तू चेष्टेने म्हणालास आणि मला राग आला. मनात आलं, ज्याने माझ्या फीसाठी दहावीनंतर शाळा सोडली त्याचीच वही कोरी गेली तर मी शिकले कशाला. तुझ्याबद्दल अभिमान वाटत होता हे खरं. पण कायम व्हायचं होतं हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच हाताने लिहिलं.

आणि लिहिलं काय, तर तू एका रविवारी चपलेचा अंगठा शिवत बसला असताना जे सांगितलं होतंस ते. मी विचारलं होतं, उस्तादांचे हात इतके थरथरतात तर त्यांचे ट्रे भरतात कसे. तू आधी उडवून लावलंस. मग सांगितलंस. दिवसाला प्रत्येकाने आठ ट्रे भरायचे, एका ट्रेत पन्नास नळ्या, वर आपापल्या बिल्ल्याचा नंबर. उस्तादांचे जेमतेम पाच होतात. मग पाणी प्यायला उठलेला माणूस जाता जाता आपल्या भरलेल्या दोन-तीन नळ्या त्यांच्या ट्रेत ठेवतो. कोणी कोणाला सांगायचं नाही, उस्तादांकडे पाहायचं नाही, आणि उस्ताद त्या वेळी खिडकीबाहेर पाहतात. चार वर्षं हे चाललं होतं. तू म्हणालास, आम्हा सगळ्यांना चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं. आणि म्हणालास, हे बाहेर बोलायचं नाही हं.

मी ते बाहेर बोललेच नाही, इंग्रजीत लिहिलं. बोलणं आणि लिहिणं वेगळं असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. वर्गात नुकतीच एक जोडी शिकवली होती, 'कव्हर फॉर अ कलीग', सोबत्याचं काम सांभाळून घेणे. तिला याहून सुंदर उदाहरण मला आयुष्यात मिळणार नव्हतं. मी लिहिलं की आमच्या विभागात पाच माणसं सहाव्याचं काम हसत हसत उचलतात आणि तरी टार्गेट चुकत नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दादा. मला वाटलं, हे वाचून साहेबांना कळेल की खाली कशी माणसं काम करतात.

त्यांना कळलं. पाच माणसांत सहाचं काम होतं, हे कळलं. तपासनीस आठवडाभर उस्तादांच्या मागे स्टूल घेऊन बसला. कोणी पाणी प्यायला उठलं नाही. उस्तादांचे पाच ट्रे भरले, एका दिवशी चारच. मग बाकीच्या विभागांतही तसंच मोजलं.

आणि पहिला नंबर देऊन मॅडमनी ते पान फलकावर लावलं, तेव्हा तुझ्या विभागातल्या सगळ्यांनी ते वाचलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. फलकावरचं वाचता यावं म्हणून मीच शिकवलं होतं.

माझं कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. आईला मी महिनाभर सांगितलं नाही. तुला आज सांगते आहे.

परवा मी उस्तादांच्या घरी गेले होते. सगळं सांगायचंच असं ठरवून. ते दारातल्या पायरीवर बसले होते, एकच खोली आहे त्यांची, आत सून शिलाई मशिनीवर काम करत होती. त्यांनी मला पाहिलं आणि आधी आतून ते पत्र मागवलं. म्हणाले, वर्गात तू एवढं शिकवलंस पण यातली एक जोडी मला लागत नाही, वाचून दाखव. मी वाचलं. 'लेट यू गो' असं लिहिलं होतं. मी अर्थ सांगितला, की इंग्रजीत सभ्यपणे बोलायचं तर माणसाला काढलं असं म्हणत नाहीत, जाऊ दिलं म्हणतात.

"मी कुठे जाऊ म्हणालो होतो?" उस्ताद म्हणाले.

चेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मग मी सांगितलं. वही माझी, अक्षर माझं, भावाला पत्ताही नव्हता. घरातलं शिवणयंत्र थांबलं. उस्तादांनी माझ्या हातातून पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग त्यांनी जे सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तू जायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेला होतास. त्याच पायरीवर बसलास. म्हणालास, उस्ताद, नाव व्हावं म्हणून मी लिहिलं, डोकं फिरलं होतं. आणि रडलास.

मी म्हटलं, तो खोटं बोलला, मला वाचवायला. उस्ताद म्हणाले, "बाई, मी पस्तीस वर्षं माणसांची कामं तपासली. तुझ्या भावाच्या नळ्या माझ्या ट्रेत यायच्या त्या मी डोळे मिटून ओळखायचो, त्यांना तेलाचा ठसा नसायचा, पुसून ठेवायचा तो. तो इथे रडला ते खोटं, आणि तू कोरड्या डोळ्यांनी सांगतेस ते खरं, असं कसं धरू? तू बहीण आहेस. तू असंच बोलणार."

सुनेने मला चहा दिला. मी तो प्यायले. काय करणार होते?

तू असं का केलंस?

तुझी बहीण


२१ सप्टेंबर

दादा,

एक वाट सापडली आहे. हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच.

उस्ताद मानत नाहीत म्हणून मी विभागातल्या लोकांनाच गाठायचं ठरवलं. मंगळवारी पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर सायकली लावतात तिथे जाऊन उभी राहिले. चौघे आले, अध्यक्ष पुढे. मी सोबत दोन कागद नेले होते. एकावर माझं वाकडं काढलेलं अक्षर, तेच शब्द, तिथे त्यांच्यासमोर पुन्हा लिहून दाखवायची तयारी. दुसऱ्यावर तुझा राजीनामा, त्याची नक्कल मी काढून घेतली होती, ऑफिसच्या नियमात बसत नाही तरी. म्हटलं, दोन्ही अक्षरं ताडून बघा.

अध्यक्षांनी चष्मा लावला, दोन्ही कागद पाहिले, परत केले. म्हणाले की अक्षरातलं आम्हाला काय कळतं, तू शिकलेली, तू दहा प्रकारची काढशील. त्यांच्यातला एक जण म्हणाला, ही भावाला परत आणायला आली आहे, बस्स. मी म्हटलं, हो, त्यासाठीच आले आहे, पण खरं सांगून आणायचं आहे. मग मी रडले. ठरवून नाही. कोरड्या डोळ्यांचं उस्ताद म्हणाले होते ते आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली, तरी थांबता येईना.

अध्यक्ष सायकलचं कुलूप काढत होते. ते आपल्याच कारखान्याचं कुलूप, पाहिलं मी. ते न बघता म्हणाले, "तो स्वतः येऊन पाच जणांसमोर म्हणू दे, की मी लिहिलं नाही. माझा पोरगा म्हणून त्याला कडेवर घेऊन विभागात नेईन. ते जमलं नाही तर या गल्लीत त्याने तोंड दाखवू नये. उस्तादांचा संसार बसला, ही काय पोरखेळाची गोष्ट आहे?"

म्हणजे बघ, दादा. एकच वाक्य. "मी लिहिलं नाही." इंग्रजीतही नको. येत्या रविवारी, दुपारी चारला, उस्तादांच्या दारात. ते चौघे येणार आहेत, उस्ताद हो म्हणाले आहेत. सकाळी आठची बस धरलीस तर तीनला पोचशील. उतरल्यावर घरी येऊ नकोस वाटलं तर, सरळ तिथेच ये.

मी काय होईल याचा विचार केला आहे. ते माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित आईशीही काही दिवस. गल्ली सोडावी लागली तर सोडू. मी मॅडमना कळवलं आहे की दुसऱ्या कारखान्याचे कागद मी करणार नाही. त्यांनी बरं म्हटलं आणि माझ्याच वर्गाचे जुने कागद नव्या मुलीला दिले. ती काल येऊन विचारत होती, 'माझं काम' हा अभ्यास किती ओळींचा द्यायचा. मी तिला सांगितलं, देऊच नकोस. ती हसली, म्हणाली, मॅडमनी त्यालाच खूण केली आहे. तिचीही नोकरी तात्पुरती आहे.

तेव्हा तिथे माझ्याने काही थांबणार नाही. पण तुझं नाव अजून सुटू शकतं. तू माझ्यासाठी आयुष्यभर पुष्कळ केलंस, त्यातली ही एक गोष्ट परत घे. मला ती पेलत नाही.

आईला सांगितलेलं नाही. ती उगाच वाट पाहील.

रविवारी चार.

तुझी


४ ऑक्टोबर

दादा,

मी साडेतीनपासून तिथे होते. उस्तादांच्या सुनेने पायरी झाडून चटई टाकली होती. उस्तादांनी धुतलेला सदरा घातला होता. कारखान्यात कधी घालत नसत तसा. कोणाला माहीत, त्यांनाही मी म्हणते ते खरं निघावं असं वाटत असेल. ते तू लिहिलंस हे त्यांना जड जात होतं, मला कळत होतं.

चारला तिघे आले. अध्यक्ष नव्हते. सव्वाचारला एक बस येऊन गेली, मी कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. साडेचारला अध्यक्ष आले. चालत आले, सायकल नव्हती, आणि माझ्याकडे न पाहता उस्तादांसमोर चटईवर बसले. म्हणाले, हिच्या भावाचा फोन आला होता, दुपारी. मग माझ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिलं.

"तो म्हणाला, वही मीच लिहिली. बहीण माझ्यासाठी खोटं बोलते आहे, तिचं ऐकू नका. तिला काही बोलू नका, घरात कमावणारी आता तीच आहे." मग म्हणाले, "आणि म्हणाला, मी काही येणार नाही, तेव्हा वाट बघू नका."

उस्ताद उठले आणि आत गेले.

म्हणजे तू पत्रं वाचलीस. सगळी वाचलीस. रविवार, चार वाजता, उस्तादांचं दार, सगळं तुला ठाऊक होतं, आणि तू फोन केलास तो मला नाही.

मी तिथेच पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. म्हटलं, हा फोन म्हणजेच पुरावा आहे, कळत नाही का तुम्हाला, अपराधी माणूस असा फोन कशाला करेल. अध्यक्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरी, पुरे आता. त्यांच्यातला जो मला फाटकावर टोचून बोलला होता तो म्हणाला, बहीण असावी तर अशी.

त्याला आता आठवडा होऊन गेला. दादा, सगळे माझ्याशी चांगले वागतात. अध्यक्षांची बायको आईला गिरणीवर आपल्या पुढे उभं करते. विभागातले लोक येता-जाता विचारतात, जेवलीस का. उस्तादांच्या सुनेने माझं फाटलेलं पोलकं शिवून पाठवलं. मी कोणालाही काही सांगायला गेले की त्यांचे डोळे भरून येतात. भावासाठी किती करते बिचारी, म्हणतात. मी जितकं खरं सांगते तितकी त्यांच्या लेखी मोठी होते आणि तू तितका खाली जातोस. म्हणून आता सांगणं बंद केलं आहे.

तू हे मायेने केलंस की मला शिक्षा म्हणून, ते मी पुष्कळ दिवस ठरवत बसले. ठरत नाही. मला तुझा आवाजही ऐकायला मिळालेला नाही, तो अध्यक्षांना मिळाला.

आईने काल स्वतःहून विचारलं, तो आता येणार नाही ना. मी म्हटलं, कामात आहे. ती म्हणाली, बरं.

यापुढे मी लिहिणार नाही. रागाने नाही. मी लिहिलं की तू तिकडे काहीतरी करतोस आणि तुझी इकडची वाट आणखी एका बाजूने बंद होते, एवढं मला कळलं आहे. तब्येतीला जप. पोती उचलताना कमरेला पट्टा बांधत जा.

आज पाळी सुटली तेव्हा माझ्याकडे सामानाची जड पिशवी होती. अध्यक्षांनी ती माझ्या हातातून घेतली आणि सायकलला अडकवून आमच्या दारापर्यंत आणून दिली. वाटेत त्यांनी तुझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

बहीण